डिझेल पिकअपचं चार्जिंग बिघडलंय? पार्ट बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' होतं आणि पुढे शांतता. किंवा गाडी चालू आहे, पण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतोय. अशा वेळी भोवती जमलेल्या चौघांपैकी दोघं म्हणतात "बॅटरी गेली", उरलेले दोघं म्हणतात "अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) गेला". बोनेट मात्र चौघांपैकी कुणीच उघडलेलं नसतं.

हा लेख स्वतः बोनेट उघडून बघू पाहणाऱ्या नवख्यांसाठी आहे. एवढंच धरून चाला की नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. मीटरने १३.२ व्होल्ट दाखवले, बरं मग? कुठे मोजले, इंजिन सुरू करून किती वेळ झाला होता, हेडलाइट चालू होते का? हे कळल्याशिवाय त्या १३.२ ला काही अर्थ नाही. डिझेल गाडीत तर तोच आकडा एकदा अगदी बरोबर असतो आणि दहा मिनिटांनी बिघाडाची खूण ठरतो.

सामान, आणि आधी मीटरचीच परीक्षा

डिजिटल मल्टिमीटर, टर्मिनल खोलायला पाने, पॉलिश पेपर, टॉर्च आणि सेल मारायला, म्हणजे किल्लीने स्टार्टर फिरवायला, एक माणूस. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा बसून अँपिअर सांगणारा, असला तर फार सोय होते. घेताना डीसी अँपिअर मोजणारा आहे ना, ते बघा. बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि गाडीवर ते काही कामाचे नाहीत.

मी एकदा चांगला चालणारा रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) काढून नवा बसवला, कारण मीटर १५.८ व्होल्ट दाखवत होता. नवा बसवला, तरी १५.८. अर्धा दिवस गेल्यावर लक्षात आलं की मीटरच्या आतली ९ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली होती. ती उतरली की बरेच मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवायला लागतात. तेव्हापासून मी कामाला लागण्याआधी एक नवा सेल मोजून बघतो. दीड व्होल्टच्या नव्या सेलवर १.५ ते १.६ आले तर पुढे जायचं.

इंजिन चालू असताना बेल्ट आणि पंखा फिरत असतात. गळ्यातला पंचा, सैल बाही, हातातलं कडं आधी बाजूला ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ विडी-सिगरेट नको. आणि एक गोष्ट अजिबात करू नका: "टर्मिनल काढून बघ, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला" ही जुनी युक्ती. चालू इंजिनवर बॅटरी सोडवली की अल्टरनेटरचा भार एकदम तुटतो आणि व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं. त्यात ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, अल्टरनेटरचे डायोडही जाऊ शकतात. शिवाय साध्या मेकॅनिकल पंपाचं जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेशिवायही बहुधा चालूच राहतं, त्यामुळे त्या युक्तीने सिद्ध काहीच होत नाही.

यंत्रणा, दोन मिनिटांत

इंजिन बेल्टने अल्टरनेटर फिरवतं. आतला रोटर हा विजेवर चालणारा चुंबक. त्याला दोन कार्बन ब्रशमधून थोडा करंट मिळतो. तो फिरला की भोवतीच्या स्टेटरमध्ये एसी तयार होतो, डायोड त्याचा डीसी करतात, आणि रेग्युलेटर रोटरचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.७ मध्ये ठेवतो. ही वीज बी प्लस नावाच्या बोल्टवरून जाड केबलने, मोठ्या फ्यूजमधून बॅटरीकडे जाते. परत येते ती इंजिनच्या लोखंडातून आणि अर्थच्या पट्ट्यांमधून. हा परतीचा रस्ता नवखे विसरतात, आणि जुनेही.

खालचे सगळे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या असतात. दोघींचे प्लस एकमेकांना जोडलेले दिसले तर गाडी १२ व्होल्टचीच. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला असेल तर यंत्रणा २४ व्होल्टची, मग आकडे दुप्पट धरा.

पायरी १: मीटर खिशात, डोळे उघडे

बेल्ट बघा. आतली बाजू आरशासारखी चकाकत असेल तर तो घसरतोय. थंड इंजिनवर सेल मारल्याबरोबर चर्रर्र आवाज येऊन थांबत असेल, तर तो बेल्टच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली आहे का, ते बघा. मग बॅटरीची क्लिप हाताने पिळून बघा. हाताने हलली तर ती सैल आहे, मग दिसायला कितीही चकचकीत असो.

आता अल्टरनेटरच्या मागे टॉर्च मारा. डिझेल इंजिनला ब्रेकच्या बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम स्वतःहून मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर मागे बसवलेला असतो. त्याला इंजिनचं ऑइल जातं. त्याचं सील गळलं की ऑइल थेट अल्टरनेटरमध्ये उतरतं, कार्बनची पूड आणि ऑइल मिळून काळा चिखल होतो आणि ब्रश रोटरच्या रिंगवर नीट टेकत नाहीत. अल्टरनेटरच्या जाळीतून तेलकट काळं ओघळलेलं दिसलं, तर नुसते ब्रश बदलून भागणार नाही, सील आधी. ब्रेक पेडल पूर्वीपेक्षा कडक लागत असेल, तर हे काम आजच करा.

पायरी २: गाडी बंद, बॅटरी एकटी

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजलेला आकडा सर्वांत खरा. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. मीटर डीसी २० व्होल्टवर, टोकं क्लिपवर नकोत, शिशाच्या खांबावर हवीत.

१२.६ किंवा जास्त: भरलेली. १२.४: पाऊण. १२.२: अर्धी. १२.० म्हणजे पाव भाग उरला. १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल तर बहुतेक सहापैकी एक सेल मेला आहे, कारण प्रत्येक सेलचा वाटा साधारण २.१ व्होल्टचा.

बॅटरी उतरलेली असेल तर पुढच्या चाचण्या करण्याआधी ती चार्जरवर भरून घ्या. अल्टरनेटरचं काम सेल मारताना खर्च झालेलं भरून काढणं आणि चालू लोड सांभाळणं. ठार मेलेली बॅटरी तासन् तास भरायला लावली की तो तापतो, आणि तुमचे आकडेही भलतेच येतात.

दोन बॅटऱ्या असतील तर इथे घाई नको. जोडलेल्या अवस्थेत मोजलं की दोघी सारख्याच दिसतात, कारण त्या एकमेकींना ओढत असतात. इंजिन बंद ठेवून दोघी सोडवा, काही तास तशाच राहू द्या, मग वेगवेगळ्या मोजा. एक १२.६ आणि दुसरी ११.९ निघाली तर चोर सापडला. नवी बसवताना जोडीनेच बदला; नव्या शेजारी जुनी ठेवली की जुनी नवीला घेऊन बुडते.

पायरी ३: सेल मारताना

डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे सेल्फ मोटार, म्हणजे स्टार्टर, भरपूर करंट ओढते. मीटर बॅटरीच्या खांबांवर ठेवा आणि मदतनीसाला सेल मारायला सांगा. साधारण हवेत आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. भरलेली असूनही ८ वर कोसळली तर बॅटरी थकली आहे. आणि आकडा १२ च्या वर तसाच राहिला, सेल्फ मात्र कण्हतोय, तर बॅटरी निर्दोष. वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. केबल किंवा अर्थ बघा.

पायरी ४: इंजिन चालू, पण दहा मिनिटं थांबा

पेट्रोल गाडीवर शिकलेली मंडळी इथेच फसतात. इंजिन सुरू झालं, लगेच मीटर लावला, १२.९ दिसले आणि अल्टरनेटर फासावर गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी.

डिझेलचे ग्लो प्लग, म्हणजे हीटर प्लग, इंजिन सुरू होण्याआधी तापतातच, पण थंड इंजिन असेल तर सुरू झाल्यावरही काही वेळ चालू राहतात, धूर आणि खडखड कमी व्हावी म्हणून. डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा दिवा विझला म्हणजे प्लग बंद झाले असं नाही. चार प्लग मिळून चाळीसेक अँपिअर सहज खातात. काही मोठ्या इंजिनांत प्लगऐवजी हवेच्या वाटेत जाळीचा हीटर असतो, तो शंभर अँपिअरच्याही वर जातो आणि चालू-बंद होत राहतो. थंडीत अशा गाडीचा व्होल्टमीटर १२ आणि १४ मध्ये झोके घेतो, हेडलाइटही त्याच तालात मंद-तेज होतात. हा बिघाड नाही. त्यात आयडलवर अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली असतो.

म्हणून इंजिन गरम होऊ द्या, रेस १५०० ते २००० आरपीएमवर ठेवा, सगळे लोड बंद ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.७ हवेत. कडाक्याच्या थंडीत वरच्या टोकाला, रणरणत्या उन्हात थोडं खाली; तापमान बघून व्होल्टेज बदलणं हे रेग्युलेटरचं कामच आहे. आता हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या आसपास टिकायला हवा. १३ च्या खाली घसरत राहिला तर कुठेतरी बिघाड आहे.

इंजिन गरम असूनही आकडा कायम कमी, असं असेल तर ग्लो प्लगच्या पट्टीवर मीटर लावून बघा. तिथे आता शून्य हवं. १३ व्होल्ट दिसले तर रिले, म्हणजे प्लगना वीज देणारा विजेवरचा स्विच, चिकटलाय: प्लग अखंड जळताहेत आणि अल्टरनेटरची कमाई खाताहेत. अशा गाडीवर दोन अल्टरनेटर बदलूनही "चार्जिंग होत नाही"ची तक्रार जात नाही.

एक अपवाद सांगतो. नव्या गाड्यांत अल्टरनेटरला हुकूम ईसीयू देतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम १२.८ वर ठेवतो, उतारावर पाय सुटला की १५ च्या जवळ नेतो. मायनस टर्मिनलवर छोटा डबीसारखा सेन्सर दिसला तर तुमची गाडी याच जातीची समजा. हेडलाइट आणि ब्लोअर लावून बघा. आकडा १४ कडे गेला तर सगळं ठीक आहे. अशा गाडीला चार्जर लावताना काळा चिमटा मायनस खांबाला नको, चॅसिसवरच्या अर्थला लावा, नाहीतर त्या सेन्सरचा हिशेब चुकतो.

पायरी ५: व्होल्ट वाटेत कुठे हरवतो

मला विचाराल तर सगळ्या लेखातली ही एकच पायरी नीट शिकलात तरी पुरे.

इंजिन २००० वर, हेडलाइट-ब्लोअर चालू. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लस खांबावर. दोन्ही टोकं प्लसवर लावायला विचित्र वाटेल, पण मीटर आता त्या केबलमध्ये हरवलेलं व्होल्टेज दाखवतोय. ०.२ पर्यंत उत्तम. ०.५ च्या वर गेलं तर ती वाट खराब आहे. मग एक टोक अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर आणि दुसरं मायनस खांबावर, इथे ०.२ च्या आत हवं.

एक प्रत्यक्ष उदाहरण. अल्टरनेटरवर १४.३, बॅटरीवर १३.२. म्हणजे १.१ व्होल्ट बेपत्ता. प्लस बाजूला ०.९, मायनस बाजूला ०.२. मायनस ठीक, प्लसच्या वाटेने चालायला लागलो. एक टोक बी प्लसवर कायम, दुसरं एकेक जोड पुढे. फ्यूजच्या अलीकडच्या बोल्टवर ०.०५, पलीकडच्या बोल्टवर ०.०९. बॅटरीकडे जाणाऱ्या केबलच्या थिंबलवर, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर, ०.१०. त्याच केबलचं कवच दोन इंच पुढे सुईने टोचलं आणि आकडा उडी मारून ०.८५ झाला. थिंबलवर काळी नळी छान चढवलेली, बाहेरून नव्यासारखी. कापली तर आतली तांब्याची तार हिरवी भुकटी होऊन हातात आली. त्या वेळी तिथून चाळीसेक अँपिअर जात होते. त्यात पाऊण व्होल्ट हरवणं म्हणजे ३० वॅट उष्णता, एका लहान सोल्डरिंग गनइतकी. आधी हात लावला असता तर चटक्यानेच कळलं असतं. नवं थिंबल दाबून बसवलं, बॅटरीवर १४.०. (टोचलेली जागा नंतर टेप लावून बंद करा, नाहीतर तिथूनच पुढची भुकटी सुरू होते.)

पिकअपला अर्थचा त्रास जास्त होतो, कारण इंजिन, केबिन आणि चॅसिस तिन्ही एकमेकांपासून रबरावर बसलेली असतात. प्रत्येकाला आपापली अर्थची पट्टी लागते. इंजिनची पट्टी तुटली की करंट गिअरच्या केबलमधून किंवा मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने लख्ख धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा.

पायरी ६: आता अल्टरनेटर

वाट चांगली आणि बी प्लसवरच व्होल्टेज कमी, तर मग अल्टरनेटरकडे वळायचं. त्याआधी चार्जिंगचा दिवा बघा. किल्ली ऑन, इंजिन बंद: दिवा लागायला हवा. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडालेला असेल तर अल्टरनेटर झोपूनच राहतो, किंवा जोरात रेस दिल्यावर जागा होतो. एका बल्बपायी अल्टरनेटर बदललेले लोक आहेत. मागचा छोटा कनेक्टर काढून पिना हिरव्या पडल्यात का, तेही बघा.

जुन्या डिझेल गाडीत आरपीएमचा काटा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर चालतो. दिवा पेटला आणि त्याच वेळी काटाही मेला, तर तक्रार अल्टरनेटरच्या पोटातली किंवा बेल्टची. सर्वांत आधी झिजतात ते ब्रश. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये ते रेग्युलेटरसकट एकत्रच निघतात. रोटरच्या रिंगांवर खोल खाच पडली असेल तर नवे ब्रशही फार टिकणार नाहीत.

डायोडसाठी मीटर एसीवर करा आणि लोड लावून बॅटरीवर मोजा. ०.१ च्या आत चांगलं, ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेला असं धरा. मीटर स्वस्तातला असेल आणि एकदम ३० च्या घरातला आकडा दाखवत असेल तर घाबरू नका. तो डीसीलाच एसी समजून काहीतरी सांगतोय. त्या मीटरने ही चाचणी होणार नाही. डायोडची आणखी एक खूण: रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो. गळका डायोड रात्रभर बॅटरी उलटी पीत असतो.

पुलीही बघा. डिझेल इंजिनचे ठोके बेल्टला बसू नयेत म्हणून अनेक गाड्यांत एका बाजूला मोकळी फिरणारी पुली असते. बेल्ट काढा, अल्टरनेटरचा पंखा धरून पुली फिरवा: एका दिशेला मोकळी, दुसऱ्या दिशेला पकड हवी. दोन्हीकडे मोकळी फिरली तर अल्टरनेटर कितीही चांगला असो, त्याला फिरवणारं कुणी नाही.

व्होल्टेज जास्त असेल तर

१५ च्या वर स्थिर राहिलं, आणि मीटर खरा असेल, तर गाडी चालवत राहू नका. बॅटरीचं पाणी उडतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, कूस फुगते, बल्ब पटापट जातात. दोष बहुधा रेग्युलेटरचा. पण ज्या अल्टरनेटरला बॅटरीचं व्होल्टेज कळवणारी वेगळी बारीक वायर असते, तिथे ती वायर किंवा तिचा फ्यूज आधी तपासा. तिला बॅटरी कमी दिसली की रेग्युलेटर बिचारा प्रामाणिकपणे जास्त ढकलतो.

सगळं बरोबर, तरी सकाळी बॅटरी बसलेली

मग कुणीतरी रात्री खातंय. दारं बंद, किल्ली काढलेली, आणि पाऊण तास थांबा, कारण ईसीयूला झोपायला वेळ लागतो. मायनस केबलभोवती क्लॅम्प मीटर लावा. बारीक करंट दाखवणारा नसेल तर मल्टिमीटर अँपिअरवर करून मायनसच्या वाटेत जोडा, आणि तो जोडलेला असताना सेल मारू नका, त्याचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यामुळे आकडा पडला, ती लाइन. सुरुवात मागाहून लावलेल्या वस्तूंपासून करा: जादा दिवे, अँप्लिफायर, ट्रॅकर. त्यातल्या निम्म्या वस्तू फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेल्या असतात, त्या खांबावरूनच सोडवून बघा.

दुरुस्ती झाली की तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या आत चिकटवा: रात्रभर उभी राहिल्यावरचा, सेल मारतानाचा, आणि गरम इंजिनवर २००० आरपीएमला सगळं लोड लावून आलेला. शेजारी तारीख टाका. पुढच्या वेळी दिवा मिणमिणला की आधी ही चिठ्ठी वाचायची आणि मग मीटर काढायचा.